तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोट की दुर्बीण?

आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं की फाईल मिटता मिटता कुणीतरी विचारतंच, “डॉक्टर, रोबोटने केलेलं जास्त चांगलं ना?” विचारणारा बहुतेकदा मुलगा नाहीतर जावई असतो, आणि दागिने मोडायचे की कर्ज काढायचं याचा हिशोब त्याच्या मनात सुरू झालेला असतो. मी कागदावर आतड्याचं चित्र काढतो आणि गाठ कुठे आहे ते दाखवतो. उत्तर त्या जागेवर ठरतं.

रोबोट आपणहून काही कापत नाही. सर्जन त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये चार पावलांवर कन्सोलपाशी, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलापाशी, बसतो, आणि त्याचे हात हलतील तशी पोटातली हत्यारं हलतात. दुर्बिणीत (लॅपरोस्कोपीत) तीच हत्यारं सर्जन स्वतःच्या हातात धरतो. पोटावर छिद्रं दोन्हींत पडतात, आणि गाठीचं आतडं बाहेर काढायला एक छोटा छेद दोन्हींत लागतो.

गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला असेल तर मी दुर्बीणच सुचवतो. तिथे काम करायला जागा ऐसपैस असते. दुर्बिणीने काढलेली गाठ पोट उघडून काढलेल्या गाठीपेक्षा जास्त वेळा उलटत नाही, हे ८७२ रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीने २००४ सालीच दाखवलं. अशा गाठीसाठी घर गहाण टाकू नका.

गुदाशयाची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची, खालची गाठ मात्र वेगळी. पेल्विस म्हणजे ओटीपोटातलं हाडांचं नरसाळं, पुरुषांत तर फारच अरुंद. गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण न फाडता अखंड काढायचं, आणि लघवीच्या व लैंगिक क्रियेच्या नसा त्याला अगदी लगटून गेलेल्या. दुर्बिणीची हत्यारं सरळसोट, त्यांना मनगट नाही. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. कॅमेरा सहकाऱ्याच्या हातात असतो आणि तिसऱ्या तासाला तो हात दमतो. रोबोटचं हत्यार आत वळतं, कॅमेरा स्थिर राहतो, काय किती खोल आहे ते नीट दिसतं. त्या नसा वाचवताना हे किती मोलाचं आहे, ते मी स्वतः अनुभवलंय.

तरी बरीच वर्षं मी “फरक नाही” असंच सांगत होतो. २०१७ साली ४७१ रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी आली. ऑपरेशन मध्येच ओपन करावं लागण्याचं, म्हणजे पोट उघडावं लागण्याचं, प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१, पण हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. त्या सर्जनांचा रोबोटवरचा हात दुर्बिणीइतका बसलेला नव्हता, हेही खरं. मग चीनमधल्या ११ रुग्णालयांची चाचणी आली, हजाराहून जास्त रुग्णांची, फक्त मधल्या आणि खालच्या गुदाशयाच्या गाठींची. ३ वर्षांत त्याच भागात गाठ परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत ४ टक्के, रोबोटमध्ये १.६. माझं मत बदललं. आता खालच्या गाठीला, परवडत असेल तर, मी रोबोट सुचवतो.

खर्च जास्त का, तर यंत्र महाग आणि त्याच्या हत्यारांना वापराची मर्यादा. ठरलेले वापर झाले की यंत्र ते हत्यार चालूच करत नाही. रोबोट परवडत नसेल तर दुर्बिणीत मुरलेला सर्जन शोधा. नव्याने रोबोट शिकणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे मी माझ्या घरचं माणूस आधी नेईन.

आणि मला हेही विचारा: “तुम्ही अशी किती केलीत? त्यातली किती ओपन करावी लागली?” माझ्या वहीत आकडे आहेत. दाखवतो.