कानातला गंधार

“बाबा, वायरचे?” खोकं उघडल्यावर पहिला शेरा मुलाचा. पेजर विकत आणल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. पण माझ्या फोनला अजून गोल पिनचं भोक आहे, आणि रोज रात्री आठवणीने चार्जिंगला लावायची आणखी एक वस्तू मला या घरात नको होती. चौदाशे रुपये दिले, कानात अगदी आतपर्यंत जाणारे, मागून वायर लोंबणारे इअरफोन आणले.

पहिली दहा मिनिटं मात्र चौदाशे रुपये पाण्यात गेल्याची खात्री होती. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. तबला नुसता टिकटिक करतोय, डग्गा वादकाने घरीच ठेवलेला. पिन दोनदा काढून घातली, फोन बंद करून चालू केला. मग खोक्याच्या तळाशी एक चिमुकली पुडी सापडली. तिच्यात रबरी टोप्यांचे आणखी दोन जोड, एक लहान, एक मोठा. मधल्या मापाच्या आधीच लावलेल्या होत्या. उजव्या कानात ती घट्ट बसली होती, डाव्या कानात सैल. या प्रकारच्या इअरफोनचा सगळा खर्ज टोपी कान किती बंद करते त्यावर असतो. जराशी फट राहिली की खालचे सूर तिथूनच निसटतात. डावीकडे मोठी टोपी लावली आणि डग्गा आला. बोल वाजल्यावर मनगट चामड्यावर सरकतं आणि घुमारा वर चढतो, ते सरकणंसुद्धा ऐकू आलं. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे निघाले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण बावन्न वर्षं आपण दोन मापांचे कान घेऊन हिंडतोय, हे कळल्यावर जरा वेळ आरशासमोर उभा राहिलो.

बाहेरचे आवाज बंद झाले की आतले मोकाट सुटतात, हाही शोध त्याच संध्याकाळी लागला. ऐकता ऐकता चिवड्याची मूठ तोंडात टाकली, तर डोक्यात खडी फोडायचं मशीन सुरू झालं. गिळलेला आवंढासुद्धा ऐकू येतो. वायर कॉलरला घासली की कोणीतरी कानाशी पोतं ओढत नेतंय असं वाटतं. त्यावर मुलाने तोडगा सांगितला, की वायर कानाच्या वरून मागे घ्यायची. घेतली. “आता निदान बातम्या वाचणाऱ्यासारखे दिसताय,” तो म्हणाला.

मग रात्री सगळे झोपल्यावर खरं ऐकणं सुरू झालं. एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं. वर्षानुवर्षं स्पीकरवर ऐकलेलं, कुठे दाद येणार तेही पाठ. पण गाणं सुरू व्हायच्या आधी जो तानपुरा वाजतो, तिथेच अडकलो. तानपुऱ्याच्या चार तारा : पंचम (प), जोडाच्या दोन (मधला सा) आणि खर्ज (खालचा सा). गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, तार कुठेच नाही. तरी खर्जाची तार छेडली की जरा वेळाने, तिच्या पोटातून बाहेर आल्यासारखा, गंधार उमलतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण साधं आहे. एका तारेच्या आवाजात तिच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर दडलेले असतात, आणि पाचपटीचा सूर म्हणजे गंधार. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, म्हणजे गंधार ३४५च्या आसपास. हे सगळं मी वाचलेलं होतं, चारचौघांत मान हलवून सांगितलंही होतं. ऐकू मात्र कधी आला नव्हता. त्या रात्री आला.

लहानपणी मिरजेला एका दुकानात कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जवारी काढत, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून ती घासत, बसलेला पाहिला होता. कानस जरा फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. “हा माणूस इतका वेळ करतोय तरी काय?” असं मी वडिलांना विचारलं होतं. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाचून आनंद झाला होता. पण तो दोरा नेमका कशासाठी सरकवत होता, ते आता चाळीस वर्षांनी कळलं : तारेच्या पोटातले हे दडलेले सूर उमलावेत म्हणून.

दुसऱ्या रात्री कुमार गंधर्व लावले. ऐन तारुण्यात क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद होतं, आणि मग ते छोट्या छोट्या तुकड्यांनी, झपकन सूर घेऊन सोडून देत गायला लागले, हे सगळ्यांना माहीत असतं. मला आता त्या तुकड्यांच्या मधली जागा ऐकू आली. श्वास आत घेतल्याचा आवाज, आणि तो पुरता झालेला नसतानाच निघालेला पुढचा सूर. स्पीकरवर या जागा पंख्याच्या आवाजात बुडून जायच्या. खरं सांगायचं तर थोडं अवघडल्यासारखंही झालं. इतक्या जवळून ऐकायला आपल्याला कोणी बोलावलंय का?

फार हळवं व्हायला मुलाने वेळ दिला नाही. खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ छापलंय, त्यातलं तुम्हाला किती मिळतंय बघू, म्हणून त्याने फोनवर चढत जाणारा एक शिट्टीसारखा आवाज लावला आणि एक बोंड स्वतःच्या कानात घातलं. बारा हजारांच्या पुढे मी म्हणालो, “बंद झाला.” “बाबा, वाजतोय की अजून!” सोळा हजारांपर्यंत तो तसाच बसून होता. म्हणजे चौदाशेपैकी बऱ्यापैकी रक्कम मी त्याच्या कानांसाठी मोजली आहे.

हल्ली इअरफोन काढल्यावरही कान मिटत नाहीत. काल रात्री पाणी प्यायला उठलो आणि फ्रिज सुरू झाला. एक संथ, खालचा, लांबच लांब सूर. याच्याही पोटात गंधार असायला हवा, म्हणून अंधारात दाराला कान लावून उभा राहिलो. हिला जाग आली.

“काय शोधताय?”

“गंधार.”

“खालच्या कप्प्यात बघा, कोथिंबिरीच्या मागे.”