चाळीस जॉब, दोन चार्ज

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते. इथे नोकरी करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. माझ्या रिपोर्टमधली चूक मात्र नेमकी त्या सुट्टीत दडलेली होती. ती मला दिसली नाही, फर्नेसवरच्या, म्हणजे भट्टीवरच्या, मामांना दिसली.

आमच्याकडे इंजिनासाठी पिना बनतात. बार, म्हणजे पोलादाची सळई, कापायचा, टर्निंग करायचं, मग फर्नेसमध्ये लाल करून ऑइलमध्ये क्वेंच, म्हणजे झटकन थंड, पुढे टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं) आणि ग्राइंडिंग. फर्नेसमध्ये एका वेळी जाणारी खेप म्हणजे एक चार्ज. हार्डनेस, म्हणजे कडकपणा, रॉकवेल सी स्केलवर ५८ ते ६२ यायला हवा. त्या दिवसांत बरेच जॉब, म्हणजे पिना, ५८ च्या खाली निघत होते आणि पुन्हा फर्नेसला जात होते. पर्चेस विभागाचं म्हणणं होतं की जुन्या पुरवठादाराचा बारच खराब आहे. नव्या पुरवठादाराचा ट्रायल लॉट येऊन पडलाच होता. दोन्हींची तुलना करून द्या, असं मला सांगितलं गेलं. जुना पुरवठादार लहान माणूस. त्याचा बराचसा धंदा आमच्या ऑर्डरवर चालतो, हे मला माहीत होतं.

मी जुन्या बारचे ४० आणि नव्या बारचे ४० जॉब मागवले, मशीनवर स्वतः उभं राहून हार्डनेस घेतला. जुन्याची सरासरी ५९.२, नव्याची ५९.८. दोन्हीकडे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, साधारण १. दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी टी-टेस्ट लावली: टी २.६८, पी-व्हॅल्यू ०.००९.

या पी-व्हॅल्यूचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण तोच जागोजागी वाकडा लावला जातो. नवा बार चांगला असण्याची शक्यता ९९ टक्के आहे, असं तो आकडा म्हणत नाही. तो म्हणतो: दोन्ही बार मुळात सारखेच आहेत असं धरून चाला, तरीही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक नमुन्यात दिसण्याची शक्यता हजारात ९. इतका दुर्मीळ योगायोग मानण्यापेक्षा 'सारखेच आहेत' ही परिकल्पना सोडून देणं बरं. मी ती सोडली. रिपोर्टमध्ये 'फरक सिग्निफिकंट' असं लिहून सकाळी साडेनऊला मेल केला. अकरा वाजता मीटिंग होती.

दहाच्या सुमारास ट्रे परत द्यायला फर्नेसवर गेले. मामा तिथे पंचवीसेक वर्षं आहेत. त्यांनी ट्रेवरचे टॅग वाचले आणि विचारलं, "मॅडम, जुन्या मालाचे एवढेच घेतले का?"

"एवढेच म्हणजे? चाळीस आहेत की, मामा."

"जॉब चाळीस. चार्ज दोनच आहेत ना. आणि हा एक शुक्रवारचा पहिला चार्ज. गुरुवारी सगळं बंद, ऑइल थंडगार पडलेलं असतं. पहिला चार्ज मऊच येतो. बार कुणाचा का असेना."

थंड ऑइल घट्ट असतं, जॉबमधली उष्णता लवकर ओढून घेत नाही, त्यामुळे हार्डनेस कमी येतो. हे मलाही ठाऊक होतं. पण मी आकड्यांच्या वहीत होते आणि ऑइल टाकीत.

जागेवर परत येऊन चार्जप्रमाणे सरासऱ्या वेगळ्या काढल्या. जुन्या बारचा शुक्रवारचा चार्ज ५८.८, दुसरा ५९.६. नव्या बारचे दोन चार्ज ५९.५ आणि ६०.१. एकाच बारच्या दोन चार्जमध्ये ०.८ चा फरक, आणि मी दोन पुरवठादारांमधला ०.६ चा फरक सिद्ध करून बसले होते.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच पातेल्यातल्या भाताची. वीस शितं चाचपली म्हणून वीस पातेली चाखून झाली असं होत नाही. एका चार्जमधले २० जॉब एकाच आगीतून आणि एकाच ऑइलमधून गेलेले. ते एकमेकांसारखे असणारच. टी-टेस्ट मात्र प्रत्येक मोजमाप दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून चालते. मी मोजमापं ऐंशी घेतली होती, पण फर्नेसने मला उत्तरं चारच दिली होती. गणेशखिंडला, पुणे विद्यापीठात, एम.एस्सी. करताना हे शिकवलं होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं.

चार्जला एक निरीक्षण धरून टेस्ट पुन्हा केली. दोन्ही बाजूंना दोन-दोन निरीक्षणं, टी १.२. एवढ्या थोड्या निरीक्षणांना पाच टक्क्यांच्या पातळीवर टी ४.३० च्या पुढे जावा लागतो. पी-व्हॅल्यू ०.३५. सकाळी ०.००९ होती. आकडे तेच, यंत्र तेच.

अकराला मीटिंगमध्ये गेले आणि सगळ्यात आधी रिपोर्ट मागे घेतला. पर्चेसच्या साहेबांचा चेहरा उतरला, त्यांनी पुरवठादार बदलण्याचं पत्र तयारच ठेवलं होतं. आमचे सर शांतपणे म्हणाले, "मग आता काय हवंय?" मी म्हटलं, "आठ चार्ज. आणि मामा."

टी-टेस्ट देणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेसमध्ये बिअर बनवण्याच्या कामावर होता. हाताशी नमुने मोजकेच असायचे, म्हणून १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने थोड्या नमुन्यांचं गणित मांडलं. बार्लीच्या शेतात दोन वाणांची तुलना करायची तर दोन्ही शेजारीशेजारी पेरा, म्हणजे जमिनीचा कस दोघांना सारखाच मिळतो, हा त्याचा आग्रह होता. माझं शेत म्हणजे फर्नेसचा ट्रे. मामांना विचारलं, एकाच चार्जमध्ये दोन्ही बारचे जॉब लावता येतील का? ते म्हणाले, "कुठला कुणाचा ते कळायला पंच मारून द्या, लावतो." ट्रेमध्ये कुठला जॉब कुठे बसेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण कडेचे आणि मधले जॉब सारखे तापत नाहीत. तेही मामांनीच सांगितलं. चिठ्ठ्या मात्र मी मामांना काढू दिल्या नाहीत, स्वतःही काढल्या नाहीत. शिकाऊ पोराकडून काढून घेतल्या, कारण मामांचा आणि माझा दोघांचाही आता जुन्या बारकडे कल झाला होता.

आठ चार्ज झाले. प्रत्येकातून दोन्ही बारचे वीस-वीस जॉब. प्रत्येक चार्जमधला फरक वेगळा काढला. नवा बार सरासरी ०.१ ने वर, त्या आठ फरकांचं प्रमाण विचलन ०.३, पी-व्हॅल्यू ०.३८.

सर म्हणाले, "म्हणजे फरक नाही, असंच ना?"

नाही, असं नाही. पी-व्हॅल्यू मोठी आली म्हणून दोन्ही सारखे ठरत नाहीत. 'सापडलं नाही' आणि 'नाहीच' यांत अंतर असतं. आम्ही किती बारीक बघू शकलो, हे विश्वासांतरालावरून कळतं. ९५ टक्क्यांचं अंतराल उणे ०.१५ ते अधिक ०.३५ आलं. खरा फरक यात कुठेही असू शकतो, शून्यही असेल, पण पहिल्या रिपोर्टमधल्या ०.६ ला या आकड्यांत जागा नव्हती. आणि ०.३५ जरी धरला, तरी शुक्रवारच्या थंड ऑइलने पडणारा खड्डा त्याच्या दुप्पट होता. पुरवठादार बदलून तो बुजला नसता.

जुना बार अजून येतो. हार्डनेसच्या रजिस्टरमध्ये चार्ज नंबरचा रकाना वाढला आहे. शुक्रवारी सकाळी मामा ऑइलचा काटा बघतात, त्या रकान्याशेजारी पेन्सिलने तापमान लिहितात आणि मगच पहिला ट्रे आत ढकलतात.