आमची वाटचाल : ऐरण निवडताना झालेली चूक

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात आज दोन भट्ट्या आणि एक पॉवर हॅमर (यंत्राचा हातोडा) आहे, आणि मासळी बाजारातल्या कोयत्यांपासून हॉटेलांच्या सुऱ्यांपर्यंत सर्व काम येथे होते. तथापि हा कारखाना दुसऱ्याच वर्षी बंद पडण्याच्या बेतात आला होता, आणि त्याला कारण झाली ती मी घाईने घेतलेली एक जुनी ऐरण.

माझे पहिले भागीदार वयाने वडिलांच्या बरोबरीचे होते. आम्ही सर्व त्यांना काका म्हणत असू. ते लग्नकार्यासाठी गावी गेले असताना मी एका व्यापाऱ्याकडून 110 किलोची ऐरण विकत घेतली. तिचा माथा आरशासारखा गुळगुळीत होता, कडा धारदार होत्या, अंगावर नवा काळा रंग होता, आणि भाव ऐकून मला वाटले की आपण मोठा फायदा साधला. काका परतले, त्यांनी हातातली हातोडी माथ्यावर तीन-चार ठिकाणी नुसती सोडून तिची उसळी पाहिली आणि म्हणाले, "अरे, हिला मिलिंगवर घातलंय. वरचं पोलाद राहिलंय तरी किती?"

ज्यांनी जुन्या ऐरणी हाताळल्या आहेत त्यांना यापुढचे सांगण्याची गरज नाही. अशा ऐरणीचे अंग घडीव लोखंडाचे आणि मऊ असते, आणि त्यावर कठीण पोलादाचा जाड पत्रा भट्टीतच जोडलेला असतो. खड्डे काढण्यासाठी तो पत्रा मिलिंगच्या यंत्रावर खरवडला की ऐरण दिसायला नवी होते आणि कामातून मात्र जाते. चार महिन्यांत माथ्यावर खळगे उमटले. गाडीच्या कमानपाट्यातून ओढलेली पाती लाटेसारखी निघू लागली, ती सरळ करण्यात ग्राइंडिंगचे काम दुप्पट झाले, आणि घाव ऐरणीतच जिरत असल्यामुळे दिवसाला दहाच्या जागी सहा पातीच होऊ लागली. त्यावर मी दुसरी चूक केली. खळगे भरण्यासाठी मी ऐरण आधी पुरेशी न तापवता वेल्डिंग करून घेतले, तेव्हा भोवतालच्या पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले आणि एका कडेला तडा गेला.

व्यापाऱ्याने विकलेला माल परत घेण्यास नकार दिला, एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. परंतु आमची तीनशे कोयत्यांची मागणी ज्या दुसऱ्या कारखान्याकडे गेली, त्याच्याकडे आमचा माल वाकडा निघतो ही बातमी त्याच व्यापाऱ्याने पोहोचवली होती. वाकडा माल कोणाच्या ऐरणीवर घडला, हे त्याने सांगितले नाही. आज इतक्या वर्षांनीही मला हे विसरता आलेले नाही.

त्या दिवसांत दिवाळे कोळीवाड्यातल्या एका मावशींनी आपल्या बारा कोयत्या परत केल्या नाहीत. त्यांनी त्यातल्या चार पुन्हा घासून घेतल्या आणि पुढच्या बारांचे पैसे आगाऊ ठेवले. कोयती पापलेटाच्या काट्यावर कशी चालते, यावर त्या जे बोलत त्यावरूनच आम्ही पात्याची जाडी ठरवत असू.

त्या पैशांत उसनवारीची भर घालून आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या बंद होणाऱ्या एका जुन्या कारखान्यात गेलो. कोपऱ्यात गंजलेली, कडा उडालेली एक ऐरण होती. गंज खरवडल्यावर अंगावर इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटचे नाव दिसले आणि खाली 1-2-14 असे आकडे दिसले. हे आकडे किलोचे नव्हेत. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा असतो. म्हणजे 182 पौंड, सुमारे साडेब्याऐंशी किलो. काकांनी खिशातून बेअरिंगची एक इंची गोळी काढली आणि फूटपट्टी उभी धरून ती 25 सेंटिमीटरवरून माथ्यावर सोडली; माथा कठीण असेल तितकी गोळी उंच उसळते. मधल्या सर्व भागात ती 20 सेंटिमीटरपर्यंत उसळत होती. फक्त माथ्यावरच्या चौकोनी भोकाच्या बाजूला थोडी कमी. मग त्यांनी अंगावर हातोडी मारली, तेव्हा घंटेसारखा आवाज आला. तडा असता तर तो बद्द आला असता. फूटपट्टी माथ्यावर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का तेही त्यांनी पाहिले, आणि मगच भावाचा विषय काढला.

उडालेल्या कडांना आम्ही वेल्डिंग लावले नाही. त्या ग्राइंडरने तीन मिलिमीटर गोल केल्या, कारण धारदार कडेवर पाते ओढले तर त्यावर चीर पडते. ऐरणीखालचा बाभळीचा ओंडका असा कापला की उभे राहून मूठ खाली सोडल्यावर बोटांची पेरे माथ्याला लागावीत. ऐरणीच्या कमरेभोवती साखळी गुंडाळली, त्यामुळे कानठळ्या बसणारा नाद कमी झाला.

पुढची वर्षे सुरळीत गेली.

पाती घडवणारे तरुण आता आमच्याकडे सल्ला घेण्यासाठी येतात आणि बहुतेकांना शिंगाची, म्हणजे एका बाजूला निमुळते गोल टोक असलेली, ऐरण हवी असते. पात्याच्या कामाला शिंग क्वचितच लागते. जपानी लोहार बिनशिंगाच्या चौकोनी ठोकळ्यावर उत्तम पाती घडवतात. मुंबईच्या दारूखाना भागातल्या जहाजाच्या भंगारात पोलादाचा जड ठोकळा मिळाला तर तो घ्यावा, आणि रेल्वेचा रूळच हाती आला तर तो आडवा न ठेवता उभा गाडावा, म्हणजे घावाखाली पूर्ण वजन राहते. एक किलोच्या हातोडीला पन्नास किलोची ऐरण असा आमचा हिशेब आहे. गोळीची उसळी जिथे निम्म्याहूनही कमी येते आणि माथा मात्र चकचकीत असतो, ती ऐरण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बिडाच्या ऐरणीवर तर गोळी जेमतेम उठते.

काका आता नाहीत. त्यांची ती गोळी आमच्या ऐरणीशेजारी, ओंडक्यात कोरलेल्या खोबणीत ठेवलेली असते, आणि कोणी जुनी ऐरण पाहायला निघाला तर मी ती त्याला देतो; संध्याकाळी परत आणून द्यावी, एवढीच अट असते.