चुकांची वही आणि दीडशे प्रश्न

2022 च्या एप्रिल महिन्यात, विधी सीईटीचा, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या राज्यस्तरीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू करून तीन महिने झाल्यावर, मी पहिली पूर्ण सराव चाचणी घड्याळ लावून सोडवली आणि मला 150 पैकी 68 गुण मिळाले. त्या वेळी मी सांगलीतील एका पतसंस्थेच्या वसुली विभागात नोकरीला होतो, वय तेहतीस होते, आणि तीन वर्षांच्या एलएलबीसाठी ही परीक्षा देणार असल्याचे घराबाहेर फक्त दोघांना ठाऊक होते. गुण कमी पडल्याचे दुःख होतेच. पण त्याहून अधिक बोचले ते हे की, चुकलेल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरे मी स्वतः पिवळ्या पेनाने अधोरेखित केलेल्या पानांवरच होती.

त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत कायदेविषयक अभियोग्यतेचे 30, सामान्यज्ञान व चालू घडामोडींचे 40, तर्कशक्तीचे 30 आणि इंग्रजीचे 50 असे दीडशे प्रश्न होते. वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला अठ्ठेचाळीस सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसत. नंतर या स्वरूपात बदल झाले आहेत. त्यामुळे परीक्षेच्या वर्षीची सीईटी सेलची (ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कक्षाची) माहितीपुस्तिका आधी वाचावी आणि मगच माझ्यासारख्या जुन्या परीक्षार्थीचे बोलणे ऐकावे.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली आणि गमावलेल्या 82 प्रश्नांपैकी प्रत्येकासमोर कारण लिहिले. 31 प्रश्नांचे उत्तर मला खरोखर माहीत नव्हते, 19 प्रश्नांचे वाचलेले होते पण आठवले नाही, 14 प्रश्न मी घाईत चुकीचे वाचले होते आणि 18 प्रश्नांपर्यंत मी पोहोचलोच नव्हतो. ही मोजणी करेपर्यंत ‘आपल्याला काहीच येत नाही’ या एकाच वाक्याने मला घेरले होते. मोजणीनंतर त्या वाक्याच्या जागी चार वेगवेगळी कामे आली, आणि त्यांपैकी दोन कामांना नवे पुस्तक विकत घेण्याची गरज नव्हती.

वाचलेले आठवत का नाही, याचे उत्तर जुनेच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात याच्या नोंदी 1885 मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. मला मात्र जास्त उपयोगी पडला तो रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधील प्रयोग. त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तसा लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे. माझे तीन महिने त्या पाच मिनिटांच्या समाधानात गेले होते. अधोरेखित पान पुन्हा पाहिले की ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, अशी आपली समजूत होऊन बसते.

मग मी पद्धत बदलली. रात्री एक प्रकरण वाचायचे, सकाळी चहाच्या आधी पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर ते लिहून काढायचे, आणि राहिलेले लाल शाईने भरायचे. तोच कागद चार दिवसांनी आणि पुन्हा पंधरा दिवसांनी नव्याने लिहायचा. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक कागद लालच असे आणि ते पाहून वाईट वाटे. संविधानाच्या अनुच्छेद 32 खालील पाच प्राधिलेखांनी (मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालय काढते त्या आदेशांनी, म्हणजे रिटांनी) तर मला फार छळले. संविधानाच्या मराठी प्रतीत देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण असे शब्द आहेत, तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश आणि अधिकारपृच्छा असे हिंदीच्या वळणाचे शब्द आढळतात. मराठी माध्यमातून तयारी करणाऱ्याने दोन्ही मराठी संज्ञा आणि मूळ लॅटिन नाव अशी तिहेरी नोंद ठेवावी. हा अन्याय आहे असे मला आजही वाटते, पण परीक्षेच्या आधी त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत माझी अडचण नेमकी उलटी होती. धनादेश न वटल्याची कलम 138 ची प्रकरणे आणि सहकार कायद्याच्या कलम 101 खालील वसुली दाखले रोज हाताळत असल्यामुळे, थोडाफार कायदा आपल्याला कळतो असा माझा समज होता आणि तोच मला नडत होता. अशा प्रश्नात एक तत्त्व दिलेले असते, त्याखाली घटना असते, आणि उत्तर केवळ त्या तत्त्वावरून काढायचे असते. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीशी केलेला करार मुळातच शून्य (रद्दबातल) असतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात 1903 मध्येच ठरवून टाकले आहे. तरीही, असा करार अज्ञानाच्या इच्छेने रद्द करता येतो, असे तत्त्व प्रश्नातच दिले असेल, तर त्या अठ्ठेचाळीस सेकंदांपुरता तोच कायदा मानावा लागतो. वहीत अशा सात चुकांसमोर मी ‘शहाणपणा’ असे कारण लिहिले आहे.

इंग्रजीसाठी मी विशेष काही केले नाही. रोज वीस मिनिटे वर्तमानपत्रातील अग्रलेख आणि दहा शब्द, इतकेच. गुण हळूहळू वाढले.

ताणाची गोष्ट निराळी. जुलै उजाडला तसा मी रात्री अडीचच्या सुमारास जागा होऊ लागलो आणि त्या वेळी मनात येणारे हिशेब वय, गृहकर्जाचा हप्ता आणि ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्या नातेवाइकांभोवती फिरत. एके रात्री मी दिवा लावून पुस्तक उघडले तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, आत्ता वाचलेलं उद्या आठवणार आहे का? नसेल तर झोपा.” तिचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होते, कारण दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेत चालते. अकरानंतर पुस्तक उघडायचे नाही, असा नियम मी त्या रात्रीपासून पाळला. उशाशी एक कागद ठेवला. जाग आली की डोक्यातली काळजी एका ओळीत लिहायची आणि तिच्याबाबत सकाळी काय करता येईल ते दुसऱ्या ओळीत. कित्येकदा दुसरी ओळ कोरीच राहिली. तरीही ते विचार कागदावर उतरल्यावर झोप लवकर लागे. परीक्षार्थींच्या व्हॉट्सॲप गटातून मात्र मी सरळ बाहेर पडलो. कोण किती तास अभ्यास करतो, याची तेथे जी चढाओढ चाले, तिचा त्रास अभ्यासाहून जास्त होता.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या केंद्रावर, संगणकासमोर बसल्यावर, पहिले तीन प्रश्न मी वाचले आणि एकाचाही अर्थ मला लागला नाही. हात गार पडले होते. याचा सराव मी केला होता: चार आकड्यांत श्वास आत घ्यायचा आणि सहा आकड्यांत बाहेर सोडायचा, असे पाच वेळा. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि त्यात जाणारे एक मिनिट दोन तासांच्या हिशेबात मी आधीच धरून ठेवले होते. मग ठरल्याप्रमाणे सामान्यज्ञान आधी उरकले, कारण तेथे उत्तर एक तर येते किंवा येत नाही, विचार करून सुचत नाही. तर्कशक्तीचा बैठकव्यवस्थेचा एक प्रश्नसंच मी दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडून दिला. पूर्वी अशा संचावर मी दहा मिनिटे घालवत असे. शेवटच्या चार मिनिटांत अकरा प्रश्न उरले होते. गुण वजा होणार नसल्यामुळे त्या अकराही प्रश्नांना मी एकच पर्याय देऊन मोकळा झालो.

प्रवेश मिळाला, पदवीही झाली. यंदा माझी भाची बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सीईटी देणार आहे आणि तिने ती वही मागून नेली. देण्यापूर्वी मी कलमांची चार पाने काढून घेतली, कारण 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून, मी घोकलेले खुनाच्या शिक्षेचे 302 आता 103 झाले आहे आणि फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये गेले आहे. माझ्या प्रश्नपत्रिकेत गणित नव्हते, तिच्या प्रश्नपत्रिकेत आहे. म्हणून तिने वही मागच्या बाजूने सुरू केली आहे. तिची पहिली नोंद अशी आहे: ‘टक्केवारी, प्रश्न 6. येत होते. नीट वाचले नाही.’