आखूड लिव्हर

रविवार, रात्री साडेदहा

हात अजून ग्रीसने काळे आहेत. आधी रॉकेल, मग साबण, शेवटी आईची भांड्यांची पावडर. नखांच्या कडा काही निघत नाहीत.

बाबांची एमजीबी, ती ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६९ ची. चारही गिअर सिन्क्रोचे, म्हणजे आतली पितळी रिंग वेग आपोआप जुळवून घेते; त्यामुळे पहिला टाकायला डबल क्लच मारायची, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायची, गरज नाही. बाबा तरी मारतात. ते शिकले ट्रकवर, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाय कोणाचं ऐकणार! पण गेली दोन वर्षं गिअरची लिव्हर इतकी खुळखुळायची की तिसरा टाकताना पहिला लागतोय की काय अशी धाकधूक. म्हणून मी इंग्लंडहून आखूड थ्रोची, म्हणजे हात थोडासाच हलवून गिअर पडेल अशी, लिव्हर मागवली. कस्टमवाल्यांनी त्यावर किती घेतले ते आईला सांगितलेलं नाही.

काल जुनी काढली. ती आतूनच, वरच्या बाजूने निघते. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. काढली आणि कपाळावर हात मारला. खालच्या टोकाचा नायलॉनचा बुश, म्हणजे टोकावरचं छोटं आवरण, झिजून एका बाजूने कागदासारखा झालेला. सगळी खुळखुळ त्याची! ठाण्यातच वागळे इस्टेटमधल्या टर्नरकडे गेलो, त्याने नायलॉनचा रॉड लेथला लावून अर्ध्या तासात दोन बुश काढून दिले. दोनशे रुपये. परत येताना रिक्षात मी हिशेब करत होतो आणि करायला नको होता.

तरी हौस म्हणून नवी लिव्हर बसवलीच. काय मजा आली! मनगट हललं की गिअर पडला.

आज पहाटे बाबांना घेऊन उपवनवरून येऊरचा चढ. दोन वळणं झाली आणि बाबांनी दुसरा टाकताना स्टिअरिंगवरचा उजवा हात काढून डाव्या हाताच्या मदतीला आणला. वळणावर. एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र समोरचा रस्ता सोडून त्यांच्या खांद्याकडेच बघत राहिलो; डावा खांदा गेल्या वर्षीपासून आखडलाय, मला काय माहीत नव्हतं?

पहारीचा नियम आहे, सातवीतला. टेकूच्या वरचा भाग आखूड किंवा खालचा लांब केला की हाताचा प्रवास घटतो आणि त्याच हिशेबात जोर वाढतो. प्रवास पाऊण, तर जोर एक तृतीयांशाने जास्त. शिवाय सकाळचं गार, म्हणून घट्ट तेल. या गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल पडतं, ते तापेपर्यंत दुसरा कुरकुरतोच. वेग जुळवायला पितळी रिंगला क्षणभर लागतो. लिव्हर आखूड झाली म्हणून तो क्षण आखूड होत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. लिव्हर मागवताना मी हिशेबात फक्त माझा हात धरला होता.

दुपारी जेवण झाल्यावर जुनी लिव्हर परत बसवली, दुसरा बुश घालून. संध्याकाळी बाबा एकटेच तलावपाळीला चक्कर मारून आले. किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, "पेट्रोल भरून ठेव, परवा नाशिकला जाऊ."

आखूड लिव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकत होतो, तेवढ्यात आई आली. "हे काय रे?"

"स्पेअर," म्हटलं.