पाच कॅलेंडर वर्षांचा हिशेब

फेब्रुवारी लागला की डिपार्टमेंटमधल्या नव्या मुलांचे मेसेज सुरू होतात. "ताई, डब्ल्यू-२ आलाय, आता काय करू?" डब्ल्यू-२ म्हणजे जिथे काम केलं तिथून येणारा, वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद. मी उलट एकच विचारते: अमेरिकेत एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा कधी उतरलास? किती कमावलंस ते नंतर बघू.

टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट, हे त्या तारखेवरून ठरतं आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याचे इथले दिवस रेसिडेंट ठरवताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजलेच जात नाहीत, म्हणून तेवढा काळ तो सहसा नॉन-रेसिडेंट राहतो. कॅलेंडर वर्ष हा शब्द नीट वाचा. मी ऑगस्ट २०२१ मध्ये आले, म्हणजे त्या वर्षी जेमतेम पाच महिने इथे होते, पण २०२१ हे माझं पहिलं पूर्ण वर्ष धरलं गेलं. आपल्याला एप्रिल ते मार्चची सवय असते आणि बाबांची रिटर्नची घाई जुलैत. इथे जानेवारी ते डिसेंबर, आणि मुदत पुढच्या वर्षीची १५ एप्रिल.

त्या पहिल्या वर्षी मी एक डॉलरही कमावला नव्हता, त्यामुळे आपला रिटर्नशी संबंध नाही असं धरून बसले होते. माझ्या रूममेटने फॉर्म ८८४३ माझ्यासमोर ठेवला. आपले दिवस का मोजायचे नाहीत, हे सांगणारा हा फॉर्म. कमाई शून्य असली तरी हा द्यावाच लागतो. विद्यार्थ्याने त्यातला पहिला आणि तिसरा भाग भरायचा, सही करायची आणि पोस्टाने पाठवायचा. नुसता ८८४३ असेल तर मुदत १५ जूनपर्यंत असते. वीस मिनिटांचं काम आहे, पण कितीतरी जण ते करतच नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

२०२२ मध्ये मला लायब्ररीत काम मिळालं. वर्षभरात ९,६०० डॉलर पगार झाला आणि त्यातून ७४० डॉलर फेडरल टॅक्स कापला गेला. रिटर्न भरायला मी सगळे वापरतात तेच सॉफ्टवेअर उघडलं. त्याने माझ्यासाठी सरळ १०४० तयार केला आणि फीच्या बदल्यात शिक्षणाचं क्रेडिट, म्हणजे टॅक्समधली सूटही देऊ केली. तो फॉर्म रेसिडेंटचा. आपला १०४०-एनआर, आणि नॉन-रेसिडेंटला ती शिक्षणाची क्रेडिट्स मिळत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका अंडरग्रॅड मुलाने तसाच १०४० पाठवला, त्याला हजार डॉलर जास्त रिफंड मिळाला, आणि नंतर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून तो व्याजासकट परत करावा लागला. जास्त रिफंड दाखवणारं सॉफ्टवेअर बरोबर असतंच असं नाही, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. सॉफ्टवेअरवर पैसे खर्चण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. नॉन-रेसिडेंटसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड बरीच ऑफिसं फुकट देतात.

आता आपल्या हक्काची गोष्ट. नॉन-रेसिडेंटला एरवी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, मिळत नाही. पण भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली झालेल्या टॅक्सविषयक करारातल्या कलम २१ च्या दुसऱ्या परिच्छेदामुळे भारतीय विद्यार्थ्याला ते मिळतं. २०२२ साठी ती रक्कम १२,९५० डॉलर होती. माझा पगार त्याच्या आत, म्हणून टॅक्स शून्य आणि कापलेले ७४० डॉलर परत. शेजारच्या डेस्कवरच्या नेपाळी मित्राचा पगार जवळपास तेवढाच होता. नेपाळशी अमेरिकेचा असा करारच नाही, त्यामुळे त्याला दहा टक्क्यांप्रमाणे साडेनऊशेच्या आसपास भरावे लागले. हे कलम तुमच्यासाठी दुसरं कुणी लावत नाही. रिटर्न पाठवण्याआधी डिडक्शनच्या ओळीवर ती रक्कम आली आहे का, हे स्वतः बघा.

यात राज्याचा टॅक्स वेगळा असतो. टेक्सासमध्ये तो नाहीच, तर कॅलिफोर्निया असे करार मानत नाही. आपल्या राज्याचा नियम स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी सीपीटीवर, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, इंटर्नशिप केली. १५,००० डॉलर मिळाले. पहिल्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, १.४५ टक्के कापलेले दिसले. नॉन-रेसिडेंट असलेल्या एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून हे दोन्ही कापायचे नसतात. मी कंपनीच्या पेरोल विभागाला लिहिलं. "सगळ्यांचंच कापतो," असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, नियमाचा उल्लेख करून लिहिलं, तरी कपात सुरूच राहिली. शेवटी १,१४७ डॉलर ५० सेंट गेले. माझं जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं होतं ते. आधी कंपनीकडे परत मागायचे, ती देत नसेल तर फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६ भरून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे मागायचे, असा रस्ता आहे. व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची नोंद), डब्ल्यू-२ सगळ्यांच्या प्रती जोडल्या आणि पाठवलं. चेक यायला कित्येक महिने लागले, पण आला. म्हणून पहिल्याच पे-स्टबवर या दोन ओळी शोधा. नंतर डब्ल्यू-२ वर त्या चौथ्या आणि सहाव्या चौकटीत असतात. तिथे रिकामं किंवा शून्य हवं.

बँकेच्या बचत खात्यावरच्या व्याजाची बरेच जण काळजी करतात. नॉन-रेसिडेंटला इथल्या बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर टॅक्स नाही, आणि भारतातली कमाईही इथे दाखवायची नाही.

माझ्यासाठी मात्र हे बदलतंय. २०२५ हे माझं पाचवं वर्ष होतं, त्यामुळे या एप्रिलमध्ये भरतेय तो माझा शेवटचा १०४०-एनआर. २०२६ पासून दिवस मोजले जाणार, वर्षभर इथेच आहे म्हणजे मी रेसिडेंट होणार, आणि जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न दाखवावं लागणार. भारतातल्या माझ्या नावच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. आईसोबतच्या जॉइंट एफडीसुद्धा त्यात येतात. परवा बाबांना फोन करून बँकेनिहाय यादी मागितली. त्यांनी वहीत लिहून फोटो पाठवला: चार एफडी आणि मी दहावीत असताना उघडलेलं एक खातं, जे मी पार विसरून गेले होते.