सोळा पूर्ण झाल्यावरचा चाइल्ड बेनिफिट

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या मुलीची जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी) परीक्षा चालू असताना एचएमआरसीचे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याचे, एक पत्र घरी आले, आणि शाळा-कॉलेजांच्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात ते तसेच पडून राहिले. २१ ऑगस्टला निकाल लागला, सिक्स्थ फॉर्मचा (अकरावी-बारावीसारखा) प्रवेश नक्की झाला आणि त्या संध्याकाळी गठ्ठा आवरताना ते हाती लागले. मुलगी पुढे शिकणार आहे का, एवढेच त्यात विचारले होते. उत्तर दिले नाही तर चाइल्ड बेनिफिटचे, म्हणजे मुलांच्या संगोपनासाठी सरकार पालकांना देते ते, पैसे ३१ ऑगस्टनंतर थांबणार होते. हातात दहा दिवस होते. चहा गार होईपर्यंत मी फोनवर माहिती भरत बसले, आणि पुढच्या सोमवारी मैत्रिणींना एकेक करून विचारले, तेव्हा कळले की निम्म्या जणींना हा नियमच ठाऊक नव्हता.

इंग्लंडमधल्या आपल्या पुष्कळ घरांत दोन समज आहेत: सोळा पूर्ण झाले की चाइल्ड बेनिफिट संपतो, किंवा मूल शिकतेच आहे तर तो आपोआप चालू राहतो. दोन्ही खरे नाहीत. मूल मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षणात असेल तर विसावा वाढदिवस येईपर्यंत ही रक्कम मिळू शकते, मात्र तसे आपण कळवावे लागते. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी बारा तासांहून अधिक शिकवणी. जेवणाची सुट्टी आणि घरचा अभ्यास त्यात धरत नाहीत. ए लेव्हल, टी लेव्हल, स्कॉटलंडमधील हायर्स असे सोळानंतरचे शालेय पातळीचे अभ्यासक्रम चालतात, पण विद्यापीठातील पदवी चालत नाही. अभ्यासक्रमाला प्रवेश एकोणीस पूर्ण होण्याआधी झालेला असावा लागतो. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने कॉलेजऐवजी पगारी अप्रेंटिसशिप (काम करता करता शिकण्याची उमेदवारी) घेतली. इंग्लंडमध्ये ती यात बसत नाही, म्हणून तिचे पैसे थांबले ते नियमानेच.

२०२५-२६ मध्ये एकुलत्या एक किंवा थोरल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येकासाठी १७.२५ पौंड असा दर होता. त्या दराने ए लेव्हलच्या दोन वर्षांचे सुमारे २,७०० पौंड होतात. मुलीचे बसभाडे, पुस्तके आणि प्रयोगशाळेचा कोट हे सारे या पैशांतूनच भागते, म्हणून ही रक्कम किरकोळ म्हणून सोडून देणाऱ्यांचे मला फार वाईट वाटते.

हे पैसे आईच्या हाती पडावेत, यासाठी कोणीतरी झगडले होते, हेही मला विसरता येत नाही. चाइल्ड बेनिफिटच्या आधी असलेल्या १९४५ च्या फॅमिली अलाउन्सेस (कुटुंब भत्ता) कायद्याच्या मसुद्यात रक्कम वडिलांना देण्याची तरतूद होती. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी त्या तरतुदीला निकराने विरोध केला आणि रक्कम आईच्या नावे करून घेतली. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले गेले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्या काळी पहिल्या मुलासाठी काहीच मिळत नसे. १९७७ पासून सुरू झालेल्या चाइल्ड बेनिफिटने ती उणीव दूर केली.

नवरा-बायकोपैकी अधिक कमावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल, तर करातून काही भाग परत द्यावा लागतो आणि ८०,००० ला सगळाच जातो. एप्रिल २०२४ पूर्वी ही सुरुवात ५०,००० पासून होत असे, त्यामुळे तेव्हा नाद सोडलेल्यांनी आकडे पुन्हा मांडून पाहावेत. स्किल्ड वर्कर (कुशल नोकरीसाठीच्या) व्हिसावर नुकत्याच आलेल्या कुटुंबांनी मात्र आपल्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ घेण्यास मनाई आहे का, हे आधी पाहावे. बहुधा ती असतेच, आणि ती असताना अर्ज करणे व्हिसाला धोक्याचे ठरू शकते.

एक गोष्ट मला उशिरा कळली: मुलीने मध्येच कॉलेज सोडले किंवा अभ्यासक्रम बदलला, तर तेही मलाच कळवायचे आहे. म्हणून ते पत्र आता तिच्या प्रवेशपत्राला टाचून एकाच फाइलमध्ये ठेवले आहे.